वाचकांचे प्रश्न : ८०० कोटी माणसं, तरी फरक इतके कमी कसे?

गेल्या अंकात माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएतल्या साम्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर सांगली-सातारा भागातून बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. पत्रं वेगवेगळ्या माणसांची असली तरी रोख एकाच गोष्टीकडं आहे, त्यामुळं उत्तरं ओळीनं वाचावीत अशी विनंती.

प्रश्न : मी विट्याच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, "बाई, माणसं ८०० कोटी आहेत आणि चिंपांझी दोन-तीन लाखच. मग माणसामाणसांत जास्त फरक असणार ना?" घरी येऊन वाचलं तर प्रत्यक्षात उलटंच आहे म्हणे. हे तिला कसं समजावू?
— एक शिक्षिका, विटा

उत्तर : बाई, त्या मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी द्या. रिचर्ड लेवाँटिन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७४ साली हाच प्रश्न साऱ्या जीवसृष्टीबद्दल विचारला होता. प्राण्यांच्या संख्येत लाखो-कोटी पटींची तफावत असते, पण त्यांच्या जनुकीय विविधतेतली तफावत हजार पटींच्या आतच राहते. का? पन्नास वर्षं होऊन गेली, तरी या कोड्यावर अजून शोधनिबंध निघताहेत. दहावीतल्या मुलीला ते आपणहून पडावं याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी आकडे पाहू. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवला तर साधारण हजार अक्षरांमागं एक अक्षर वेगळं निघतं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याहूनही थोडं कमी. मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींत हेच प्रमाण आपल्या जवळपास दुप्पट आहे. सुमात्रा बेटावरचे ओरांगउटान आज जंगलात चौदा हजारांच्या आसपास उरलेत, आणि त्यांच्यातली विविधता आपल्या दुपटीहून जास्त आहे. २०१३ मध्ये सगळ्या जातींच्या मोठ्या बिनशेपटीच्या कपींचे मिळून ७९ जीनोम (जीनोम म्हणजे एका जिवाचा सगळा डीएनए) वाचले गेले, तेव्हा हे चित्र स्पष्ट झालं. चिंपांझीही सगळे सारखे नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींची विविधता जवळपास आपल्याएवढीच आहे. बोनोबो (चिंपांझींचे सख्खे नातलग) आणि पूर्वेकडचे गोरिला तर आपल्याच रांगेत, खालच्या टोकाला आहेत.

आता कारण. तुमच्या वर्गात आटपाडीकडची, खिलार जनावरं सांभाळणाऱ्या घरातली मुलं असतील तर त्यांना पुढं बसवा. एका गावात ९९ गायी आहेत आणि सगळ्या एकाच वळूकडं नेल्या जातात. मोजायला गेलं तर जनावरं शंभर. पण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक खोंडाचा आणि कालवडीचा निम्मा डीएनए त्या एकाच वळूचा. यासाठी सोपं सूत्र आहे : नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चारनं गुणायचं आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. चार गुणिले एक गुणिले ९९, भागिले शंभर. उत्तर येतं जेमतेम चार. म्हणजे विविधतेच्या हिशेबात ती शंभर जनावरं चार जनावरांइतकीच भरतात. तेच ५० वळू आणि ५० गायी असत्या तर उत्तर शंभर आलं असतं. मुलांना हे फळ्यावर करून दाखवा, आकडे बदलून त्यांनाच करू द्या. गोरिलांत पाठीवर रुपेरी केस आलेला एकच नर बऱ्याचदा कळपातल्या बहुतेक पिल्लांचा बाप असतो, तिथंही हाच हिशेब लागतो.

या हिशेबी संख्येला 'परिणामी लोकसंख्या' म्हणतात. माणसाची ती दहा हजारांच्या आसपास येते. ८०० कोटींच्या जागी दहा हजार! कारण आपली संख्या वाढली ती अगदी अलीकडं. शेती सुरू होऊन दहा हजार वर्षं झाली असं धरलं तर त्या काळात पिढ्या झाल्या फक्त चारशेच्या आसपास. त्याआधी लाखो वर्षं आपले पूर्वज थोडे होते, विखुरलेले होते, आणि आफ्रिकेतून बाहेर पडलेली टोळी तर त्यातलीही एक छोटी फांदी. विविधता साठायला हजारो पिढ्या लागतात. संख्या एकदम वाढली म्हणून ती एकदम वाढत नाही.

मुलीनं पुढं असं विचारलं की मग इतक्या माणसांमुळं काहीच फरक पडला नाही का, तर तिला सांगा, पडला आहे. प्रत्येक बाळात आई-बापांकडं नसलेली ६० ते ७० नवी अक्षरं येतात, बाप वयस्कर असेल तर जास्त. याला ८०० कोटींनी गुणा आणि जीनोमच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांनी भागा. जीनोममधलं प्रत्येक अक्षर आज जिवंत असलेल्या माणसांत सरासरी दीडशेहून अधिक वेळा नव्यानं बदललेलं निघतं. म्हणजे जे बदल घेऊन माणूस जगू शकतो असा जवळजवळ प्रत्येक बदल आज पृथ्वीवर कुणात ना कुणात आहे. फक्त प्रत्येकाचे धनी मूठभर, त्यामुळं कुणीही दोन माणसं घेतली तर त्यांच्यात तो दिसत नाही.

प्रश्न : मी कराडला बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात माणसाच्या एका गुणसूत्राचा आलेख दाखवला होता. त्यावर जनुकीय विविधता कुठं जास्त तर कुठं एकदम कमी होती. खाली चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांचे आलेख होते. चढ तिथं चढ, उतार तिथं उतार! हे फरक समान पूर्वजाकडून तसेच आले आहेत का? की त्या जागी उत्परिवर्तनंच कमी होतात? सरांना विचारायला वेळ मिळाला नाही.
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझे दोन्ही तर्क योग्य दिशेचे आहेत, आणि दोन्ही तपासून बघता येतात. म्हणून आधी तेच तपासू.

पहिला तर्क, पूर्वजाकडून आलं. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन साठ-सत्तर लाख वर्षं तरी झाली. ओरांगउटानची वाट तर एक कोटी वर्षांच्याही आधी फुटली. इतक्या काळात समान पूर्वजातले बहुतेक जनुकीय फरक प्रत्येक वंशात एकतर नाहीसे झाले किंवा सगळ्यांत पसरून फरक म्हणून उरलेच नाहीत. आज माणसांत दिसणारे फरक जवळजवळ सगळे माणसाच्याच वाटेवर नंतर आलेले आहेत, चिंपांझींतले चिंपांझींच्या वाटेवर. तेव्हा आलेख सारखा दिसतो तो वारशामुळं नव्हे. चौघांच्या वाटेवर एकच कारण आजवर काम करत आलं आहे.

दुसरा तर्क, उत्परिवर्तनं कमी. समज, एखाद्या जागी नवे बदल मुळातच कमी होतात. मग तिथं माणसामाणसांत फरक कमी दिसतील, आणि माणूस व ओरांगउटान यांच्यातले फरकही त्याच प्रमाणात कमी दिसायला हवेत. १९९२ मध्ये बेगन आणि अ‍ॅक्वाड्रो या दोघांनी फळमाशीवर हेच पडताळलं. काही जागी माश्यांमाश्यांत विविधता खूप कमी होती, पण त्याच जागी दोन जातींमधला फरक मात्र कमी नव्हता. म्हणजे बदल येत होते, पण टिकत नव्हते. कपींच्या बाबतीत उत्परिवर्तनाच्या वेगाचा थोडा वाटा आहेच, पण आलेखातले मोठे उतार त्यानं भरून निघत नाहीत.

मग बदल जातात कुठं? बेगन आणि अ‍ॅक्वाड्रो यांना आणखी एक गोष्ट दिसली होती : जिथं गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल कमी, तिथं विविधता कमी.

ही अदलाबदल तू प्रॅक्टिकलला बघितली असशील. आमच्या वेळी पावसाळा सरत आला की मुलं कॉलेजमागच्या गवतातून नाकतोडे धरून आणायची. नराचं वृषण काढून ॲसिटोकार्मिन या रंगाचा थेंब टाकायचा, थोडं थांबून काचेवर अंगठ्यानं दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या हाय पॉवरखाली धरायचं. नीट दाबलं गेलं असेल तर लालसर रंगातल्या गुणसूत्रांच्या जोड्या दिसतात, आणि मधेच एखाद्या जागी दोन धागे एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले असतात. कुठं एक फुली, कुठं दोन. काही जोड्या नुसत्या टोकाशी अडकलेल्या. जिथं फुली, तिथं आजीकडून आलेल्या आणि आजोबांकडून आलेल्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. मी शिकवत होते तेव्हा प्रत्येक बॅचला आधी त्या फुल्या मोजायला लावायचे. त्या मोजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही, असं मला अजूनही वाटतं.

माणसात बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रांत अशा फुल्या सगळ्या मिळून साधारण पंचवीस-सव्वीस, आईकडून येणाऱ्यांत चाळीसच्या वर. ३०० कोटी अक्षरांच्या मानानं हे फारच थोडं झालं. त्यामुळं डीएनएचे लांबच्या लांब पट्टे पिढ्यान् पिढ्या एकत्रच प्रवास करतात. एका अक्षराच्या नशिबात शेजारच्या अक्षरांचं नशीब बांधलेलं राहतं.

आता बघ. जनुकात एक घातक बदल आला. तो असलेल्यांना मुलं थोडी कमी होतात आणि काही पिढ्यांत तो बदल संपतो. पण संपताना एकटा संपत नाही. त्याच पट्ट्यावर शेजारी आलेले निरुपद्रवी बदलही त्याच्याबरोबर जातात. भुईमूग भांगलताना हरळी उपटली की तिच्या मुळांत अडकलेलं शेजारचं रोपही मातीसकट वर येतं, तसंच हे. पेरा दाट असेल तर रोपं जास्त जातात. इथं दाट पेरा म्हणजे जनुकांची गर्दी आणि अदलाबदलीची कमतरता. ही कल्पना ब्रायन चार्ल्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. तिला पार्श्वनिवड म्हणतात.

याची दुसरी बाजू त्याआधी, १९७४ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी दाखवली होती. फायद्याचा बदल झपाट्यानं पसरतो तेव्हा तो आपल्या पट्ट्यावरच्या सगळ्यांना सोबत घेऊन येतो, आणि त्या जागी आधी असलेली बाकीची रूपं मागं पडतात. याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण दुधाचं. मोठेपणीही दूध पचवायला लागणारं लॅक्टेज हे विकर बहुतेक सस्तन प्राण्यांत लहानपणानंतर कमी होतं. काही माणसांत ते टिकून राहतं ते एका अक्षराच्या बदलामुळं. हा बदल लॅक्टेजच्या जनुकाच्या १३,९१० अक्षरं अलीकडं आहे, आणि गंमत अशी की तो एमसीएम-६ नावाच्या भलत्याच शेजारी जनुकाच्या आत बसलेला आहे. युरोपात हा बदल असलेल्यांच्या गुणसूत्रावर त्याच्या आजूबाजूची दहा लाखांच्या आसपास अक्षरं जवळजवळ एकसारखी आहेत. हाच बदल भारतातही आहे, वायव्येकडं जास्त. दूध पचवायचं होतं एका अक्षराला, पण एकसारखी झाली दहा लाख अक्षरं. लाखो वर्षांत साठलेली विविधता त्या पट्ट्यावरून काही हजार वर्षांत निघून गेली.

या दोन्हींपैकी मोठा वाटा कुणाचा, यावर बराच वाद झाला. २००९ मध्ये माणूस आणि इतर कपींचे जीनोम ताडून पाहिले तेव्हा पार्श्वनिवडीमुळं आपली विविधता पाचव्या ते चौथ्या हिश्श्यानं घटली आहे असा हिशेब आला. २०२२ च्या एका अभ्यासात दहा-दहा लाख अक्षरांचे तुकडे पाडून पाहिलं तर माणसाच्या आलेखातला सुमारे ६० टक्के चढउतार एकट्या पार्श्वनिवडीनं सांगता आला. माणसाच्या बाबतीत मला हा पुरावा पटतो. सतत, हळूहळू, घातक बदल काढून टाकण्याचं काम चालू आहे आणि त्याचा ठसा सगळ्या जीनोमवर उमटला आहे. दुधासारखी उदाहरणं आपल्याकडं थोडीच. चिंपांझी किंवा ओरांगउटान यांची परिणामी लोकसंख्या मोठी, त्यामुळं त्यांच्यात फायद्याचे बदल झपाट्यानं पसरण्याचे प्रकार जास्त घडलेले दिसतात. त्यांच्या एक्स गुणसूत्रावर तर लाखो अक्षरांचे असे पट्टे सापडले आहेत जिथं विविधता जवळजवळ पुसली गेली आहे.

आता तुझा आलेख परत घे. जनुकं कुठं दाट आणि कुठं विरळ, ही मांडणी चारही जातींत जवळपास तशीच आहे. त्यामुळं घातक बदल येण्याच्या जागा त्याच, आणि शेजाऱ्यांना ओढून नेण्याच्या जागाही त्याच. अदलाबदलीच्या बाबतीत जरा खोलात जावं लागतं. नेमकी फुली कुठं पडणार हे पीआरडीएम-९ नावाचं प्रथिन ठरवतं, आणि ते फार लवकर बदलतं. म्हणून माणसाच्या आणि चिंपांझीच्या फुल्यांच्या ठरलेल्या जागा एकमेकांशी जुळत नाहीत. पण लाखो अक्षरांच्या पट्ट्यावर सरासरी काढली की दोघांचे आकडे पुन्हा जवळ येतात, आणि विविधतेच्या आलेखाला ती सरासरीच पुरते.

आलेख जुळत नाहीत अशा जागा शोधायच्या असतील तर दुसऱ्या गुणसूत्रापासून सुरुवात कर. इतर मोठ्या कपींत गुणसूत्रं ४८, आपल्यात ४६, कारण दोन गुणसूत्रं टोकाशी जुळून आपलं दुसरं गुणसूत्र बनलं. चिंपांझीत ती अजून टोकं आहेत आणि टोकांजवळ अदलाबदल जास्त होते. आपल्यात तोच भाग आता मधे आला आहे आणि तिथली अदलाबदल कमी झाली आहे. प्रोजेक्टसाठी याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही. या जातींच्या जीनोमची माहिती सगळ्यांना खुली आहे, एका साध्या लॅपटॉपवर सुरुवात करता येते.

एक राहिलंच. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम वाचला तेव्हा कळलं की साधारण ३० टक्के जीनोममध्ये नात्याची उतरंड वेगळीच आहे. तिथं गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला जितका जवळ, तितके माणूस आणि चिंपांझी एकमेकांना जवळ नाहीत. हे जुन्या, समान पूर्वजातल्या विविधतेचे अवशेष. आणि जनुकांच्या जवळ असे अवशेष कमी सापडतात. म्हणजे शेजाऱ्यांना सोबत नेण्याचा हा प्रकार आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता तेव्हाही चालूच होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान उलटलं नव्हतं.

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. दावण्या रोग आला की एकही वेल सोडत नाही, कारण सगळ्या वेली एकाच वाणाच्या काडीपासूनच्या. माणसांत मात्र साथ आली तरी घरात एकाला लागते, दुसऱ्याला नाही. हे तुम्ही म्हणता त्या विविधतेमुळंच का?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : मोठ्या प्रमाणात, हो. खाणंपिणं, वय, आधीचा आजार यांचाही वाटा असतो, पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

तुमच्या तालुक्याचं नाव मिरवणारी तास-ए-गणेश ही थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेली. माणिक चमन आणि सोनाकाही थॉमसनमधूनच आल्या. काडीवरच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो, तो बागायतदाराच्या नजरेत भरतो, ती काडी डॉगरीज जातीच्या खुंटावर भरली जाते आणि तिथून पुढं हजारो एकर. कराडच्या विद्यार्थ्याला दिलेलं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की इथं अदलाबदल होतच नाही. एका बदलासाठी काडी निवडली की वेलीची सगळी गुणसूत्रं सोबत आली, चांगली आणि वाईट दोन्ही. रोगाला बळी पडण्याचे गुण मधे कुठंच गळत नाहीत.

माणसात याच्या अगदी उलट घडतं, विशेषतः सहाव्या गुणसूत्रावर. तिथं एचएलए नावाची जनुकं आहेत. आत शिरलेल्या जंतूचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींपुढं धरायचं काम त्यांचं. बाकी जीनोममध्ये निवड विविधता कमी करते, इथं मात्र ती जपते. एकच रूप सगळ्यांत असतं तर त्याला चुकवणारा जंतू सगळ्यांना एकदम गाठू शकला असता. म्हणून दुर्मिळ रूप असलेल्याला फायदा होतो, तो वाढला की फायदा कमी होतो, आणि अशी कितीतरी रूपं टिकून राहतात. आज एचएलएची हजारो रूपं माहीत आहेत. अस्थिमज्जा बदलताना बाहेरचा दाता मिळणं इतकं अवघड असतं आणि सख्ख्या भावंडाचंही पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, ती यामुळंच.

मी वर म्हटलं की पूर्वजातले बहुतेक फरक नाहीसे झाले. जे थोडे अपवाद टिकले त्यांत एचएलए अग्रभागी आहे. त्यातली काही रूपं माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीची आहेत. म्हणजे एचएलएच्या एखाद्या जागी तुमचा डीएनए शेजाऱ्यापेक्षा चिंपांझीच्या डीएनएशी जास्त जुळू शकतो. रक्तगटाचंही तसंच आहे. ए आणि बी यांमधला फरक आपल्यात आणि गिबन या छोट्या कपीमध्ये एकच, निदान दोन कोटी वर्षं जुना. चिंपांझींत ए आणि ओ आहेत पण बी नाही, गोरिलात नुसता बी. प्रत्येक वंशात काही ना काही गळलं, पण मूळ फरक तोच.

प्रश्न : आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे. माझ्या भावाची मुलगी आम्हाला सून म्हणून हवी आहे आणि मुलांचीही ना नाही. पण डॉक्टर जवळच्या नात्यात नको म्हणतात. आमच्या समाजाची लोकसंख्या एवढी मोठी, तरी भीती कसली?
— एक आई, जत

उत्तर : ताई, समाजाची संख्या मोठी असणं आणि पूर्वज पुष्कळ असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विट्याच्या बाईंना सांगितलेला वळूचा हिशेब इथंही लागू होतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा डीएनए तपासला गेला. त्यातले ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले की या बाबतीत जगभर नावाजलेले फिनलंडचे लोकही त्यांच्या मागं राहिले. त्या ८१ पैकी १४ गटांची आजची संख्या दहा लाखांहून जास्त आहे. पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं होत राहिली की पूर्वजांमधला एखादा दोष दोन्ही घरांत लपून राहू शकतो.

आते-मामे भावंडांच्या मुलांत जीनोमचा सरासरी सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी अगदी एकच असतो, कारण तो एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो. एका बाजूचा दोष दुसऱ्या बाजूच्या चांगल्या प्रतीनं झाकला जातो, पण या सोळाव्या हिश्श्यात ती झाकणारी प्रतच नसते. एरवी जन्मजात व्यंगाची शक्यता दोन-तीन टक्के असते, त्यात साधारण तेवढीच भर पडते. म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच जन्मतात, पण जोखीम जवळपास दुप्पट होते. डोंगरातल्या गोरिलांचं उदाहरण मी व्याख्यानांत नेहमी देते. त्यांच्या जीनोमचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा दोन्ही बाजूंनी एकच झाला आहे. संख्या खूप घटल्यावर त्यांना नात्याबाहेरचा जोडीदार मिळतच नव्हता. तुमच्या मुलाला मिळू शकतो.

तरी लग्न करायचंच ठरलं तर आधी मुलाची आणि मुलीची हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी करा. थॅलेसेमियाचे आणि सिकलसेलचे वाहक तिच्यातून कळतात. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून चाचणीशिवाय ते समजत नाही. दोन्ही घरांत लहानपणी दगावलेलं मूल, बहिरेपणा, मतिमंदत्व, वारंवार गर्भपात असं काही झालं असेल तर ते न लपवता लिहून काढा. हे सांगायला घरातल्या म्हाताऱ्या बायकांना जड जातं, तरी त्यांच्याजवळ बसून विचारा, कारण त्यांच्याइतकं कुणालाच आठवत नाही. तो कागद आणि चाचणीचे अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडं दोघांनाही बरोबर न्या. आत त्या दोघांनाच बसू द्या, मोठ्यांनी बाहेर थांबावं.